पथारीवरची कॅसेट

मिरची वाळवायच्या पथारीवरून वारा आला, की नाक झोंबतं आणि मला माझीच किळस येते. कॉलेजात असताना भगवान या मित्राने सुरतेहून एका जर्मन हेवी मेटल बँडच्या पहिल्या अल्बमची कॅसेट आणली. इथेच बसून ऐकवली.

"खरा आवाज आठेच शे," तो कॅसेटवर बोट ठेवून म्हणाला.

"याले तं ठसका लागना!" गायकाच्या खरबरीत आवाजाला मी हसलो. घरी नेऊन त्यावरच बँडचा नंतरचा गुळगुळीत अल्बम भरला.

भगवानने ऐकून कॅसेट परत दिली. "आते तुलेच ऱ्हाऊ दे."

आज तो गुळगुळीतपणा नकोसा होतो. शेवटी माझं रेकॉर्डिंग संपतं आणि खालचा मूळ खरबरीत आवाज अर्धं मिनिट उरतो. तेवढ्यासाठी अख्खी बाजू ऐकतो. घाण मीच केली, मीच गिळायची.