म्हाताऱ्या शिंपल्यांचा ओढा

गुनवोर ओकरलिंड उत्तर स्वीडनमधल्या एका जंगलगावात जीवशास्त्र शिकवायच्या. सजीव कशाला म्हणावं, हे त्या पोरांना ओढ्यात गुडघाभर उभं करून दाखवायच्या. तळाशी मोत्याचे काळे शिंपले रुतलेले असत. "खातोय, श्वास घेतोय, हात लावला की मिटतोय. मग दगड कसा म्हणाल?"

एका ऑगस्टमध्ये त्यांनी कवचांवरची वयाची वलयं मोजली. चारशे शिंपले, आणि सर्वांत लहान पंचेचाळीस वर्षांचा. वरची दलदल सुकवायला हिल्डिंगच्या आजोबांनी चर खणले होते. त्यांतला गाळ ओढ्यात उतरायचा नि वाळूतली पिल्लं गुदमरायची. हिल्डिंग बाईंचाच जुना विद्यार्थी. आता ते चर तोच राखत होता.

"बाई, चारशे जिवंत असताना सुतक कसलं धरताय?"

"घरात सगळे नव्वदीचे आणि पाळणा कधी हललाच नाही, तर त्याला नांदतं घर म्हणशील?"

हिल्डिंगचा चेहरा उतरला. त्याला नि त्याच्या बायकोला, एल्साला, मूल नव्हतं. बाईंनी जीभ चावली, पण तो पाठ फिरवून निघून गेला होता.

चार वर्षं तो बाईंशी एक शब्द बोलला नाही. मग एका वसंतात तो यंत्र घेऊन आला आणि चर बुजवू लागला. बाई धावत गेल्या. "मी त्या दिवशी फार वाईट बोलले रे."

"खोटं नव्हतं बोललात. सरका बाजूला, चिखल उडेल."

पण पुढच्याच उन्हाळ्यात पाऊस न पडल्यानं ओढा आटला. दोघांनी शिंपले उचलून डोहात नेले, साठेक वाचले. ट्राउट मासे मात्र सगळे मेले. शिंपल्यांची पिल्लं आधी या माशांच्याच कल्ल्यांना चिकटून वाढतात. बाईंनी दोनदा पिंपातून मासे आणून सोडले. एकही टिकला नाही.

वृद्धाश्रमात बाईंची नजर गेली, तेव्हा मोजणी हिल्डिंगकडे आली. दरवर्षी तो आकडा सांगायला यायचा. एकतीस. अठरा. नऊ. शेवटच्या वर्षी तो बराच वेळ टोपी चाचपत बसला.

"बोल ना."

"एकही नाही, बाई."

बाईंची कॉफी तशीच गार झाली. "ते ओढ्यात होते, हे आता आपल्या दोघांखेरीज कुणाला आठवणार," त्या म्हणाल्या. मग भिंतीकडे तोंड करून निजल्या. हिल्डिंग जेवणाची घंटा होईपर्यंत तिथंच बसून राहिला.