अर्धी ओवी

आमच्या गुरुजींइतका भित्रा माणूस मी भोर-वेल्ह्यात दुसरा पाहिला नाही. आणि दर हिवाळ्यात वीस-वीस माणसं घेऊन डोंगरात हिंडायची हौसही त्यांनाच! कुत्रं भुंकलं की ते आमच्या मागं लपत. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं की आम्हाला खोकलाही दाबून धरायला लावत. दर वळणावर थांबून विचारत, "मागं कोण राहिलंय?" रांगेच्या शेवटी मी असे, त्यांची जुनी विद्यार्थिनी. "भित्रं माणूस मागं असलं की कुणाला सोडून येत न्हाई," म्हणून त्यांनी मला शेपटाला नेमलेलं. मी ओरडायचे, "मी आहे, गुरुजी."

हिंडायचं ते ओव्यांसाठी. ज्या बायांनी दळता दळता ओव्या रचल्या, त्यांच्या वाड्यावस्त्या गुरुजी दाखवत. घर पडलेलं असलं तर उरलेल्या जोत्यावर बसवून तिथली ओवी म्हणत. कुणी वही काढली की मात्र चिडत. "लिवलं की माणूस इसरायला मोकळा," म्हणत. आम्ही गुपचूप वह्या पिशवीत टाकायचो.

धुक्यासाठी त्यांची एक रीत होती. पुढून ते ओवीची पहिली ओळ म्हणत, "धुक्यात हरवली वाट, माझ्या माहेरी जायाची." मागून मी दुसरी म्हणायची, "हाक येऊ दे बंधवा, मग हिंमत चालायाची." माझा आवाज पोचला की रांग शाबूत आहे असं समजून ते पुढं पाऊल टाकत.

तीन वर्षांपूर्वी पौषात आम्ही वेल्ह्याकडच्या एका कड्यावरून चाललो होतो. उजव्या हाताला दरी. नऊ वाजले तरी धुकं उठेना, पुढच्या बाईची पाठही दिसेना. गुरुजींची ओळ आली, मी उत्तर दिलं. पुन्हा आली, पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा आलीच नाही. रांग थांबली. पुढून निरोप आला, गुरुजी दिसत नाहीत. काय करावं सुचेना, तेव्हा मी नुसती दुसरी ओळच म्हणायला लागले, घसा फाटेस्तोवर. मग सगळ्यांनीच ती धरली. बऱ्याच वेळानं उजवीकडून काठी आपटल्याचा आवाज आला आणि गवताला धरत धरत गुरुजी वर आले. चेहरा पांढराफटक पडला होता.

मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "पहिलीच ओळ आठवंना, पोरी. हाक कशी मारू? तसाच चालत ऱ्हायलो."

दरीपेक्षा मला त्या बोलण्याची जास्त भीती वाटली. खाली वस्तीवर उतरल्यावर मी वही काढली, तर ते चिडले नाहीत. दिवस कलेपर्यंत आठवतील तेवढ्या ओव्या सांगत राहिले. त्यातल्या बऱ्याच त्यांना अर्ध्याच आठवल्या, तशाच लिहिल्या.

परवा मी भोरला त्यांच्या घरी गेले. आता ते कुणाला ओळखत नाहीत, असं त्यांच्या सूनबाईंनी फोनवर सांगितलं होतं. तरी एसटीत कापूरहोळपासूनच मी ती धुक्यातली ओवी मनात घोळवत होते. खाटेजवळ बसून मी पहिली ओळ म्हटली. ते खिडकीकडं बघत राहिले. पुन्हा म्हटली. त्यांची नजर खिडकीबाहेरच. मी डोळे पुसत उठले, दारापर्यंत गेले, तेव्हा पाठीमागून घाबरलेला आवाज आला.

"मागं कोण राहिलंय?"

मी परत फिरले, त्यांचा हात धरला.

"मी आहे, गुरुजी."