पिन कोडच्या मधला ठिपका

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यात आधी मोठ्या बहिणीची आठवण झाली. आमच्याकडे सख्ख्यांना पत्रिका टपालाने पाठवत नाहीत. घरी जाऊन, कुंकू लावून, अक्षता हातात द्यायच्या असतात.

पण बहीण माझ्याशी बोलत नव्हती. आई गेली तेव्हा फोन हातात धरून मी बसून राहिले, जीभच उचलली नाही. तिला शेजाऱ्यांकडून कळलं. त्यानंतर तिचं एकच अंतर्देशीय पत्र आलं. भाऊजी रिटायर झाले, शहराबाहेर बरगीकडे घर घेतलं, एवढंच. ते पत्र मी लोणच्याच्या बरणीखाली ठेवलं होतं. तेलाने पत्ता गेला, पिन कोडचे सहा आकडे तेवढे राहिले.

मुलीने ते आकडे मोबाइलच्या नकाशात टाकले. लाल रेघेचं मोठं कुंपण दिसलं, मधे एक ठिपका. "बघ आई, मिळाली मावशी."

मला फार बरं वाटलं. नकाशा आहे म्हणजे कोणाला विचारावं लागणार नाही. मुलीचा मोबाइल घेऊन मी एकटीच ऑटोने निघाले. तिलवाऱ्याचा पूल गेला, पुढे बराच वेळ रस्ता. मग ऑटो थांबला. दोन्हीकडे तूर.

"बाई जी, यहाँ तो अरहर बोई है," ऑटोवाला म्हणाला. "दीदी अरहर में रहती हैं क्या?"

मी घरच्या फोनवर मुलीला गाठलं. ती म्हणाली, "अगं, पिन कोडमध्ये पुष्कळ गावं असतात. ठिपका नुसता मधोमध असतो. आता कोणाला तरी विचार."

"हे आधी काहून नाही सांगितलं?"

"मलाही आत्ताच लक्षात आलं."

परत फिरावं असं मनात आलं. ऑटोवाल्यानेच सांगितलं, पिन कोड तो डाकघर का होता है, आणि तो मला तिथे घेऊन गेला. खिडकीशी गर्दी नव्हती, तरी मी तिघांना पुढे जाऊ दिलं. चौथं कोणी आलंच नाही. मग मी बहिणीचं नाव घेतलं. आवाज इतका बारीक निघाला की बाबूने दोनदा विचारलं.

"अच्छा, वो मराठी अम्मा. हैंडपंप के पीछे, हरा दरवाज़ा."

ऑटो त्या हिरव्या दारापाशीच थांबला. दार तिनेच उघडलं. ती थकली होती. आत ये म्हणाली नाही. मी तिथेच डबी उघडून तिला कुंकू लावलं आणि म्हटलं, "आईच्या वेळी मी फोन केला नाही. माझं चुकलं. पोरीचं लग्न आहे, तू ये."

तिने हात पुढे केला. मी अक्षता दिल्या, त्या तिने पदराच्या टोकाला बांधल्या.

"आधी ऑटोवाल्याला पाणी दे," ती म्हणाली. "तोवर मी चहा टाकून राहिली."