पाठ टेकायला भिंत

सोमवार, सकाळी पावणेसहा. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत तातेराव स्टुलावर उभे राहून पिंपळाच्या शेंड्यावर राखाडी ऑइल पेंट फिरवत होते. पिंपळ भिंतीवर रंगवलेला. पाच महिन्यांपूर्वी तो त्यांनीच काढला होता. तीनशेच्या वर पानं होती आणि प्रत्येक पानाचं टोक बारीक ब्रशनं ओढून लांब केलेलं होतं. पुसायला मात्र चार इंची ब्रश पुरत होता.

तातेराव अडुसष्ट वर्षांचे आहेत, मूळचे देगलूरकडचे. बस डेपोत एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांवर नंबर आणि पाट्या रंगवल्या. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा अमरदीप बंगळूरला असतो. रविवारी त्याचा फोन येतो, तेव्हा तो विचारतो, "जेवलात का?" बाकीचे सहा दिवस हे कुणी विचारत नाही.

ही जागा पूर्वी उकिरडा होती. केतकी नावाची मुलगी हायटेक सिटीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी दहा-बारा जणांना घेऊन शहरातले असे कोपरे साफ करते. तिच्या मंडळींनी तीन रविवार खपून कचरा उपसला, भिंतीलगत चौदा फुटांचा सिमेंटचा कट्टा बांधला आणि गल्लीत विचारलं, चित्र कोण काढणार? तातेराव पुढं झाले.

"अंकल, झाड येतं का तुम्हाला? कोई भी झाड, चलेगा," केतकी म्हणाली.

तातेरावांना एकच झाड येत होतं. घरातल्या तसबिरीत बुद्धामागं पिंपळ होता, त्यावर नजर बसलेली होती. त्यांनी तो काढला. आठ दिवस लागले. त्यांना एवढंच हवं होतं की संध्याकाळी कट्ट्यावर आपल्या शेजारी कुणीतरी बसावं.

चूक पहिल्याच दिवशी झाली होती, पण ती कळायला महिना गेला. गल्लीतली निम्मी घरं मराठवाड्यातून आलेल्या बौद्धांची. ती माणसं कट्ट्यासमोर चपला काढायची, हात जोडायची आणि निघून जायची. शनिवारी मागच्या आळीतल्या बायका दिवा लावायला येऊ लागल्या. भिंतीवरच्या खोडाला दोरा गुंडाळता येईना, म्हणून त्यांनी तो शेजारच्या पाण्याच्या पाइपाला गुंडाळला. कचरा टाकायची कुणाची छाती होईना. केतकीनं फोटो काढून सगळीकडे पाठवले. कट्ट्यावर मात्र कुणी बसलं नाही.

तातेराव बसले. तिसऱ्याच संध्याकाळी समोरच्या घरातल्या कोंडाबाई कडाडल्या, "तातेराव, बोधिवृक्षाला पाठ लावून बसलाव? काही वाटतं का?"

"बाई, मीच काढलाय की तो."

"मूर्ती घडवणारा मूर्तीवर बसतो का?"

तातेराव आधी कडेला सरकले, मग तिरके बसू लागले, शेवटी नाक्यावरच्या हॉटेलातल्या बाकड्यावर गेले. हॉटेलवाले खाजाभाई हसले, "क्या चच्चा, बैठने की जगा बनाने को गए, खड़े रहने की बना दिए! अब इधरीच बैठो." पण हॉटेलात गिऱ्हाइकं चहा पितात आणि उठतात. तातेराव एका चहावर दीड तास बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे नंबर वाचायचे.

पाच महिने त्यांनी वाट पाहिली. मग केतकीला फोन केला.

"पोरी, झाड पुसून टाकतो."

"का पण अंकल? इतकं छान आहे! कचरा पडत नाही ना? मग सक्सेसच आहे."

"कचरा पडत नाही. पण माणूसबी टेकत नाही."

केतकी म्हणाली, "तुम्ही काढलंय. तुम्हीच ठरवा."

वर्दळ नसते म्हणून त्यांनी पहाटेची वेळ धरली. कुणी आडवं येणार नाही अशी त्यांची अटकळ होती. सव्वासहाला कोंडाबाई ओंजळीत चार पांढरी फुलं घेऊन आल्या आणि चपला काढता काढता थांबल्या. झाडाचा वरचा अर्धा भाग नव्हता.

"हे काय करायलाव?"

"लोकांला बसता येईना, बाई. पाठ टेकायला साधी भिंत करतो."

"आन् मी?"

"तुम्हीबी बसा की."

"बसा म्हणे!" कोंडाबाई म्हणाल्या. "नुसतं बसायला म्हातारी बाहेर पडली तर सून म्हणती, घरात काय काटे टोचायलेत का? फुलं वाहून येते म्हणलं की कुणी अडवत नाही. दहा मिंटं भेटतात. तीच पुसायलाव तुम्ही."

"रोज येताव?"

"रोज. तुम्ही कधी उठताव?"

तातेराव सहसा सातला उठतात. इथं कुणी थांबत नाही, असं ते पाच महिने खाजाभाईंना सांगत होते. ते स्टुलावरून उतरले आणि मागं सरून भिंतीकडे पाहू लागले. खोड आणि खालच्या दोन फांद्या शिल्लक होत्या.

"एक फांदी ठेवली तर चालंल?"

कोंडाबाईंनी बाजारात भाजी निवडावी तशा दोन्ही फांद्या पाहिल्या. "डावीकडची. तिची पानं बरी हायेत. अन् खोड?"

"खोड मधोमध आहे. ते ठेवलं तर परत कुणी टेकायचं नाही."

"बिनखोडाची फांदी," त्या म्हणाल्या. "बरं. तिच्याखाली मात्र कुणी पाठ लावली तर मी हाय."

"दहा मिनिटंच ना तुम्ही. मग दिवसभर?"

"दिवसभर तुम्ही बघा. तुम्हाला काय काम हाय?"

त्यांनी डावीकडच्या फांदीखाली फुलं ठेवली, हात जोडले आणि गेल्या. बसल्या नाहीत. तातेरावांनीही बसा म्हटलं नाही, कारण कट्ट्यावर रंगाचे थेंब पडलेले होते.

साडेआठपर्यंत उजवीकडची फांदी आणि खोड गेलं. डावीकडचे तीन फूट सोडून अकरा फूट भिंत राखाडी झाली. खाजाभाई हॉटेलाच्या दारातून ओरडले, "चच्चा, अब बैठूं क्या?"

"नक्को! गीला है!"

"तो कब?"

तातेरावांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. पहिला हात वाळायला एक दिवस लागतो. दुसरा हात उद्या, मंगळवारी, सकाळी सहाला सुरू होईल, आणि तो वाळेपर्यंत, म्हणजे बुधवार सकाळपर्यंत, त्या अकरा फुटांना कुणालाही पाठ टेकता येणार नाही.