तीन थेंब पाणी

व्हिस्की चंद्रभानच्या हातची चालायची, पाणी चालत नसे.

परभणीच्या मुसाफिर बंगल्यावर तो निजामाच्या अमदानीपासून कामाला होता. दौऱ्यावर आलेले अंमलदार संध्याकाळी व्हरांड्यात बसत. चंद्रभान कपाटातून बाटली आणी, बूच काढी, ग्लासात मापाने ओती. कुणाचीच त्याला हरकत नसे. सुरईतलं पाणी घालायला मात्र किशनराव नावाचा दुसरा माणूस ठेवलेला होता. किशनराव जेवायला गेला असला की भरलेले ग्लास तसेच टेबलावर थांबत, आणि चंद्रभान भिंतीला टेकून उभा राही. बाटलीला विटाळ होत नव्हता, सुरईला होत होता. याचं कोडं त्याला कधी सुटलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

एक्कावन्न सालच्या श्रावणात किशनराव तापाने पडला. त्या संध्याकाळी बंगल्यावर एकच पाहुणा होता, पाटबंधारे खात्याचे इंजिनियर दत्तराव. सरकारी वजिफ्यावर ग्लासगोला शिकून आलेला माणूस. ग्लास समोर ठेवून चंद्रभान नेहमीसारखा भिंतीला टेकला.

"पाणी घाल की," दत्तराव म्हणाले.

"साहेब, किशनराव बिमार हाय."

"मग? तुझे हात मोडलेत का?"

चंद्रभानने सुरई उचलली. तिला हात लावायची ती पहिलीच वेळ; धार थांबवायचं त्याला सुचलंच नाही. ग्लास काठोकाठ भरला.

दत्तराव ताडकन उठले. "नासवलीस! अरे, एकाच भट्टीची, नुसत्या सातूची दारू ही. बारा वर्षं लाकडाच्या पिंपात निजून आलीय आणि तू तिला आंघोळ घालतोस? तीन थेंब! तीन थेंब पाणी घालायचं, की ती जागी होते."

आयुष्यात पाण्यावरून चंद्रभानने पुष्कळ बोलणी खाल्ली होती. पण जास्त घातलं म्हणून खाल्लेलं बोलणं ते पहिलंच. घरी जाऊन त्याने ते पंचफुलाला, आपल्या बायकोला, हसत हसत सांगितलं, आणि सांगता सांगता त्याला रडू आलं.

तेव्हापासून दत्तराव बंगल्यावर उतरले की पाणी चंद्रभानच घाली. साहेब त्याला शिकवीत. ग्लास तळहाताने जरा ऊब देऊन धरायचा. उजेडासमोर कलता करून काचेवरून उतरणाऱ्या धारा पाहायच्या. चांगली असली तर त्या सावकाश येतात, तेलासारख्या. मग नुसता वास घ्यायचा, तोंड किंचित उघडं ठेवून. मग तीन थेंब पाणी आणि पुन्हा वास. त्यानंतर घोट.

छप्पन्न साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली. चंद्रभान नागपूरला गेला आणि बावीस प्रतिज्ञा घेऊन आला. त्याचा बाप शिंदीच्या पायी गेला होता, आणि तो स्वतःही अधूनमधून घेत असे. ते सुटलं. पुढच्या खेपेला साहेबांनी ग्लास पुढे केला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, आता मी चाखायचा न्हाई. पेयाची न्हाई आन् खोटं बोलायचं न्हाई, शपथ घेतलीय."

दत्तरावांनी ग्लास मागे घेतला. "बरं केलंस. नाक तर नागपूरला ठेवून आला नाहीस ना?"

नाक शाबूत होतं, आणि जीभ थांबल्यावर ते अधिकच तीक्ष्ण झालं. साहेबांपाशी वासाला इंग्रजी शब्द होते, तिकडच्या फळाफुलांचे. चंद्रभानने ती फळं पाहिलेली नव्हती. तो आपलंच सांगे. "ही गुऱ्हाळावानी हाय साहेब, काहील उतरवताना येतो तसा वास." "हिला खारकाचा वास येयलाय, आन् मागून नव्या पोत्याचा." एकदा एका बेटावरची दारू आली. "ओल्या गोवरीचा धूर," चंद्रभान नाक मागे घेत म्हणाला. "त्या बेटाचं नावच आयला," साहेब म्हणाले. "साहेब, मी काय चुकीचं बोल्लो का? शिवी कामून देता?" दत्तराव हसून हसून खुर्चीतून घसरायला आले.

साहेब निवृत्त होऊन झरीला राहायला आले. चंद्रभानचंही गाव झरीच. बंगल्यावरची नोकरी संपल्यावर तो साहेबांकडे संध्याकाळी जाऊ लागला. परमिटवर महिन्याकाठी जे काही मिळे त्यातलं साहेब दोन बोटं घेत, आणि चंद्रभान वास सांगे. वस्तीतला सूर्यभान त्याला वाटेत गाठायचाच.

"काय चंद्रभान, आज नाकानं किती पेलास?"

"तुझ्या तोंडाचा वास येयलाय तितकी तर न्हाई," चंद्रभान म्हणे आणि पुढे जाई.

साहेबांच्या कपाटात वरच्या फळीवर एक बाटली होती, तिला मात्र कुणी हात लावत नसे. त्यांचा एकुलता मुलगा बन्सीधर. शेहेचाळीस साली त्याच्या बारशाला हैदराबादेतल्या एका स्कॉटिश इंजिनियर मित्राने दोन बाटल्या दिल्या होत्या, एकाच भट्टीच्या. एक बापाला, एक पोराला, त्याच्या लग्नात उघडायला. बापाची बाटली साहेबांनी वर्षानुवर्षं पुरवून प्याली. तिचा वास चंद्रभानच्या नाकात पक्का होता: गुळाची पहिली ढेप, वाळली मोहाची फुलं, आणि तीन थेंब घातल्यावर हुरड्याच्या आगटीची ऊब. पोराची बाटली तशीच होती. तिच्या गळ्याला शिशाचा पत्रा गुंडाळलेला, त्यावर धूळ.

बन्सीधर फौजेत गेला. एकाहत्तरच्या श्रावणात तो दहा दिवसांच्या रजेवर आला होता. एका दुपारी चंद्रभान ओसरीत ग्लास पुसत बसला होता. बन्सी शेजारी येऊन उकिडवा बसला.

"चंद्रभानकाका, बाबा ते पाणी घालतात, किती थेंब हो?"

"तीन. पन आधी नुसता वास घ्यायचा. घाई करायची न्हाई."

"आणि वास कळला नाही तर?"

"डोळे मिटायचे, बन्सीबाबा. कळतो."

दुसऱ्या दिवशी चंद्रभान चुडाव्याला गेला. तिथे दिलेली त्याची लेक सत्यशीला बाळंत झाली होती. चार दिवसांनी रेल्वेने परतला तेव्हा बन्सी जायच्या तयारीत होता. टांग्यात बसताना तो चंद्रभानकडे पाहून उगीचच हसला आणि म्हणाला, "काका, तुमचं नाक फार वाईट आहे. कपाटाजवळ जाऊ नका."

डिसेंबरात तार आली.

त्यानंतर दत्तरावांनी पिणं जवळजवळ सोडलं. संध्याकाळी दोघं नुसते बसत. कधी कधी साहेबांची नजर वरच्या फळीकडे जाई. "माझ्या पोराच्या वाट्याची तशीच राहिली रे," ते म्हणत. "एक घोट घेऊन गेला असता तरी चाललं असतं." हे एकच वाक्य चंद्रभानने साडेतीन वर्षांत किती वेळा ऐकलं असेल! दुसऱ्या कशाबद्दल साहेब बोललेच नाहीत म्हणा ना. रणांगण नाही, मेडल नाही, कलेक्टर येऊन भेटून गेला तेही नाही. एवढंच. पोरगा न चाखता गेला.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर साहेबांच्या घशात गाठ निघाली. मुंबईला नेऊन किरणांचे शेक दिले. परत आले ते निम्मे होऊन आले, आणि तोंडाची चव गेली, वासही गेला. त्यांच्या पत्नी कमलबाईसाहेब पुढ्यात वरण ठेवत आणि ते म्हणत, "माती आहे. रोज वेगवेगळ्या भांड्यात माती वाढतेस."

नऊ मे म्हणजे बन्सीचा वाढदिवस. पंचाहत्तरच्या त्या नऊ मेला साहेबांनी चंद्रभानला सकाळीच बोलावणं धाडलं. उन्हाने अंगण पांढरं झालं होतं. वाळ्याच्या पडद्यावर बाईसाहेबांनी नुकतंच पाणी मारलं होतं.

"वरची बाटली काढ," साहेब म्हणाले. आवाज आता कुजबुजीइतकाच उरला होता. "आज एकोणतीस वर्षांचा झाला असता. मी पुढचा मे बघत नाही. मला काही कळायचं नाही, तेव्हा वास तू घे आणि मला सांग. तू सांगितलंस की मला आठवेल. मग मी एक घोट घेईन, त्याच्या वाटचा."

बाईसाहेब दारात उभ्या होत्या.

चंद्रभानने बाटली खाली आणली, फडक्याने पुसली. शिशाचा पत्रा उलगडायला नख घातलं आणि नख थांबलं. पत्र्याच्या आतल्या बाजूला वाळलेला बाभळीचा डिंक होता. बूच आवाज न करता निघालं. त्याने ग्लासात दोन बोटं ओतली, तळव्यात धरली, नाकाजवळ नेली.

मळी. साखर कारखान्याच्या नाल्यासारखी उग्र, गोड मळी. फौजेच्या कँटीनमधली रम, रंग जुळावा म्हणून पाणी घालून फिकी केलेली.

त्याला सगळं एकदम दिसलं. श्रावणातली दुपार, आईबाप झोपलेले, कपाटाचं दार अलगद उघडणारा पंचवीस वर्षांचा पोर. डिंक भिजवून, जिभेचं टोक दातात धरून पत्रा परत चिकटवणारा. लग्नात बूच निघालं असतं, वरातीत हशा झाला असता, बापाने पायातली चप्पल काढली असती. तेवढीच गंमत होती ती.

"सांग," साहेब म्हणाले.

चंद्रभानच्या मनात आलं, हे सांगायचं म्हणजे मेलेल्या पोराला बापासमोर चोर म्हणून उभं करायचं. आणि तेही आज. एकोणीस वर्षांत तो खोटं बोलला नव्हता. त्याने डोळे मिटले.

"गूळ हाय साहेब. पयल्या ढेपीचा."

"हं."

"मोहाची फुलं, वाळलेली. लय लांबून येयलीत."

"पाणी घाल."

त्याने बोट पाण्यात बुडवून तीन थेंब सोडले. "आता हुरड्याची आगटी. राखंखाली निखारा असतो तशी."

साहेबांच्या मिटल्या पापण्यांतून पाणी आलं. मग त्यांनी ग्लास मागून घेतला आणि सवयीने पडद्याच्या उजेडासमोर कलता केला. काचेवरून धारा पाण्यासारख्या सरसर उतरल्या.

"अरे, पातळ कशी ही?"

"उन्हाळा हाय साहेब. गरमीनं पातळ होतीय."

"तू खरं सांगतोयस ना, चंद्रभान?"

"मी कदी खोटं बोल्लो का साहेब?"

"नाही," दत्तराव म्हणाले, "तू नाही." त्यांनी ओठ ओले केले, कष्टाने गिळलं. मग पुन्हा तेच. "एक घोट तरी घेऊन जायला हवा होता रे त्यानं."

वाक्य चंद्रभानच्या ओठांपर्यंत आलं. साहेब, घेतला व्हता. पण ते बाहेर काढायचं तर आधी गूळ, मोहाची फुलं, आगटी, सगळं खोटं होतं असं म्हणावं लागलं असतं, त्या माणसाच्या तोंडावर, ज्याने आत्ताच त्याच्या खरेपणाची ग्वाही दिली होती. त्याने बूच दाबून बसवलं.

दत्तराव जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेले.

तेरावा झाल्यावर बाईसाहेबांनी त्याला बोलावलं. बाटली मधल्या खोलीत मेजावर होती.

"त्या दिवशी पत्रा काढताना तू थांबलास. मी पाहत होते. काय होतं त्यात?"

आता लपवून कुणाचं भलं होणार होतं? चंद्रभान उंबऱ्यापाशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. डिंक, रम, तीन थेंबांचं बन्सीने विचारणं, टांग्यातलं हसणं. बाईसाहेब ऐकत राहिल्या. त्यांच्या तोंडावर आधी हसू आल्यासारखं झालं, बन्सी लहानपणी खोडी करी तेव्हा यायचं तसं.

"सगळी प्याला?"

"सगळी असंल. बाटलीत वासाला सुदीक न्हाई राह्यली."

"चांगली लागली असेल का रे त्याला?"

"सांगितल्यापरमानं घेतली असंल तर लागली असंल, बाईसाहेब."

मग त्यांनी पदर तोंडाला लावला. पडद्याकडे पाहत त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे त्यांना ऐकायला मिळालं असतं तर फार बरं वाटलं असतं, चंद्रभान. साडेतीन वर्षं ते दुसरं काय मागत होते?"

त्यात राग नव्हता. राग असता तर चंद्रभानला सोसला असता.

तो उठला. चपला हातात घेऊन उन्हात चालत राहिला, पायात घालायचं त्याला वस्तीपर्यंत सुचलं नाही. वाटेत सूर्यभानने काहीतरी हाक मारली. चंद्रभान तसाच पुढे चालत गेला.

झरीच्या विहारात, पत्र्याच्या त्या लहानशा खोलीत, पौर्णिमेला वस्ती जमते. एकजण पुढे म्हणतो, बाकीचे मागून पाच शीलं म्हणतात. त्या पौर्णिमेला पंचफुलाच्या ध्यानात आलं की शेजारी बसलेल्या आपल्या नवऱ्याचा आवाज मध्येच बंद पडला. तिने वळून पाहिलं. हात जोडलेले होते, ओठ मिटलेले. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, संपेपर्यंत तो तसाच बसला. पाचवं आलं, दारू न पिण्याचं, तेव्हा त्याने मान वर केली आणि सगळ्यांबरोबर स्पष्ट म्हटलं.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "अवो, आवाज बसलाय का तुमचा?"

"न्हाई," तो म्हणाला. "चल."

पुढच्या पौर्णिमेलाही तसंच झालं. आणि त्याच्या पुढच्याही.