मधला गट

केमो सुरू होण्याआधी डॉक्टर बाईंनी मला समजावून सांगितलं, की माझ्यासारख्या रुग्णांचे तीन गट करतात. रोग कुठवर पसरलाय आणि रक्तातले तीन आकडे किती आहेत, यावरून गट ठरतो आणि गटावरून जगण्याचा अंदाज. माझा अंडकोषाचा कर्करोग पोटातल्या गाठींपर्यंत आणि फुप्फुसात पोचला होता. दोन आकडे ठीक होते, तिसरा जरासा वर.

"तुम्ही मधल्या गटात. पहिल्यात असतात तर तीन फेऱ्या दिल्या असत्या. तुम्हाला चार लागतील."

तीन आठवड्यांची एक फेरी. तीन फेऱ्या असत्या तर मी गावी बहिणीच्या लग्नाला वेळेत पोचलो असतो. घरी सांगितलं होतं, कंपनीनं बंगळूरला पाठवलंय. केसांचंही उत्तर तयार होतं, तिरुपतीला दिले म्हणायचं. पण चौथ्या फेरीत लग्नाच्या दिवशीच मला सलाइन लागणार होतं.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. इंग्रजीतला कुठलाही कागद घरी आला की वडील तो माझ्यासाठी जपून ठेवत, मी सुट्टीत जाऊन वाचून दाखवायचो. आता माझे कागद मी पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या खोलीत एकटाच वाचत होतो. अवघड शब्द कुणाला विचारावा, तर त्यासाठी आधी रोगाची जागा सांगावी लागली असती. मित्रांना मी हर्निया सांगितला होता.

कॉलेजात एकदा माझा पहिला वर्ग थोडक्यात हुकला होता. एका सरांनी स्वतः फेरतपासणीचा अर्ज भरायला लावला. गुण वाढले, पहिला वर्ग मिळाला, त्यावर पुण्यातली नोकरी. त्या सरांचे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणून पहिली फेरी संपल्यावर मी तेच केलं. दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. तिन्ही आकडे पहिल्या गटात बसत होते. रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवून मी डॉक्टरांकडे गेलो.

"मॅडम, आता मला पहिल्या गटात घ्या. तीनच फेऱ्या पुरतील ना?"

त्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडे. "अहो, हा काय कॉलेजचा प्रवेश आहे का, जागा रिकामी झाली म्हणून वर सरकायला? गट औषध सुरू होतानाच्या आकड्यांवर ठरतो. आता ते उतरले, म्हणजे औषध लागू पडतंय. चांगलंच आहे. पण चौथी फेरी चुकवायची नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बरोबर कोण आलंय?"

"कोणी नाही."

"मागच्या वेळीही नव्हतं. घरी माहीत आहे?"

मी फाइल बंद केली.

बाहेर बाकावर एका माणसाची बायको त्याला मोसंबी सोलून देत होती. मी जिन्यात जाऊन वडिलांना फोन लावला.

"काय रे, येळ मिळाला व्हय बंगळूरात?"

"मी पुण्यातच आहे, अण्णा." मग सगळं सांगितलं. रोगाची जागासुद्धा. ती सांगताना भिंतीकडे तोंड केलं.

ते म्हणाले, "वाचशील न्हवं?"

"बरेच जण वाचतात. डॉक्टर गटाचं सांगतात, एकेकाचं नाही सांगता येत."

"मी गटाचं न्हाय इचारत. तुझं इचारतोय."

"माहीत नाही, अण्णा."

"लग्नाचं काय?"

"मला नाही जमणार."

इतका वेळ फोनमधून दुकानातल्या फिरत्या चाकाची घरघर ऐकू येत होती, ती थांबली. कुणीतरी गिऱ्हाईक म्हणालं, "अण्णा, माझी सायकल?"

"उद्या," वडील म्हणाले, आणि भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला.