शिंदीच्या पानातलं फुलपाखरू

दिवाळी तोंडावर आली की लोक फराळाच्या मागे लागतात. मी काष्टीला गेलो. पाम बॉब नावाचं फुलपाखरू कोशातून बाहेर येताना मला एकदा तरी बघायचं होतं आणि दरवर्षी ते हुकत होतं. बायकोने केव्हाच हात टेकले आहेत.

पुण्याहून दुचाकीने निघालो. सोलापूर रस्ता सोडून दौंडकडे वळलं की काष्टी लांब नाही. फक्त कांद्याच्या टेम्पोमागे अडकलात तर धीर धरा. मुक्काम बाळू या मित्राच्या शेतावर. वहिनींनी हुलग्याचे शेंगोळे वाढले. तेवढ्यासाठीसुद्धा जायला हरकत नाही.

दुपारी ओढ्याकाठच्या शिंदीत शिरलो. पाम बॉब हे स्किपर कुळातलं: अंगाने गुबगुबीत, रंगाने मातकट, उडतं तेही उड्या मारल्यासारखं. श्रीलंकेपासून पार चीनपर्यंत सापडतं, त्यामुळे दुर्मीळ वगैरे मुळीच नाही. मादी पानावर सुटं अंडं घालते. अळी शिंदी, नारळ असल्या झाडांची पानं खाते, पाती रेशमाने जोडून नळी करते आणि तिच्यातच कोश करते. मोठेपणी मात्र फुलातला मध. एका नळीत मला कोश दिसला, काळपट पडलेला. म्हणजे सकाळी फुलपाखरू नक्की बाहेर येणार. खुशीत झोपलो.

सकाळी बघतो तर शिंदी भादरलेली. लिंबाखाली एक बाई पानांचे भारे बांधत होत्या. लक्ष्मीपूजनाला घरोघरी शिंदीच्या पानांची नवी केरसुणी लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मावशी, भारे सोडून बघू का? एक गुंडाळलेलं पान शोधतोय."

"गुतलेलं पान मी कशाला कापू? केरसुनीत घेतलं की फाटतं. तसली झाडालाच ठिवते. मागल्या अंगाला बघा." मग हातातला कोयता ठेवून म्हणाल्या, "काय हाय त्यात येवढं?"

झावळी तिथेच होती. मावशी, सोजर त्यांचं नाव, शेजारी येऊन बसल्या. बऱ्याच वेळाने नळीच्या तोंडाशी हालचाल झाली, चुरगळलेले पंख घेऊन ते बाहेर आलं आणि पानाला लटकून हळूहळू पसरायला लागलं. वर रस्त्यावर मावशींना बाजाराला नेणाऱ्या टेम्पोने हॉर्न दिला. मावशी हलल्या नाहीत.

"जाऊ द्या, दुसरा यील. आमी जलमभर ह्याच पानाशी, आन् हे कदी बघितलंच न्हाई."

ते उडालं. मी मावशींना हात जोडले, मनापासून. त्या हसल्या, ते रिकामं पान कापून उलगडलं आणि जवळच्या एका तयार केरसुणीच्या मुठीला आवळून बांधलं. "ही तुमची लक्ष्मी."

लक्ष्मीपूजनाला बायको म्हणाली, "मुठीला कुरतडलेलं पान कसलं रे?" मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हळदीकुंकवाचं बोट आधी त्या कुरतडल्या जागी टेकवलं.